माळ वाढव

दौलत कदम ट्रक चालवता चालवता फेटा बांधत होता. म्हणजे ट्रक आपला आपण चालला होता आणि दौलत आरशात बघून फेटा बांधत होता. कागदोपत्री मात्र तो अजूनही चालकच होता.

फेटा काही केल्या जमेना. शेमला पुढे आला की तुरा मागे, तुरा पुढे आला की शेमला गायब.

"चालक महोदय, आपले दोन्ही हात मोकळे आहेत आणि लक्ष रस्त्यावर नाही," ट्रकमधली बाई म्हणाली. बाई म्हणजे यंत्राचा आवाज. सगळे ड्रायव्हर तिला बाईच म्हणत, कारण ती शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध बोलायची आणि तशीच अंगावर यायची.

"आगं बाई, भाचीचं लगीन हाय आज. जरा डोळं झाक की."

"डोळे झाकण्याची सोय माझ्यात नाही."

"मग फेटा तरी बांधून दे."

तीही सोय बाईत नव्हती. दौलत खूश झाला आणि त्याने फेटा पुन्हा सोडला.

या बाईची आणि या रस्त्याची गोष्ट आधी सांगायला हवी. महामार्गावर 'जड वाहनांनी डाव्या मार्गिकेतून जावे' अशा पाट्या कितीतरी वर्षे होत्या, आणि त्या कुणीही वाचल्या नव्हत्या. एक ट्रक रांगत चाललाय, दुसरा त्याच्यापेक्षा इंचभर जास्त वेगाने त्याला मागे टाकतोय, आणि या शर्यतीपायी तिन्ही मार्गिका तुंबून मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, असे रोजचे दृश्य होते. त्यात रस्त्याचा जीव जायचा तो वेगळाच. चाकावरचे ओझे दुप्पट झाले की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सोळापट होते. म्हणजे एक भरलेला ट्रक रस्त्याचे जे करतो, ते करायला हजारो मोटारी लागतात. सगळ्या मार्गिका ट्रक पेलतील अशा बांधायच्या तर सरकारची तिजोरी पुरली नसती.

मग इंजिनिअरांनी पाट्यांचा नाद सोडला. त्यांनी फक्त डावी मार्गिका खोल खणली, तिच्यात जाड काँक्रीट ओतले आणि त्याखाली तांब्याच्या तारांची वेटोळी पुरली. इंडक्शनच्या शेगडीवर पातेले जसे जाळाशिवाय तापते, तसा त्या वेटोळ्यांवरून धावणारा विजेचा ट्रक धावता धावताच चार्ज होतो. मार्गिका सोडली की वीज बंद आणि वेगही बंद. पोलिसांच्या शिट्ट्यांना जे जमले नव्हते ते तांब्याने मुकाट करून दाखवले.

सगळे ट्रक एका ओळीत आल्यावर पुढची पायरी आपसूक आली. ट्रक एकमेकांशी रेडिओवरून बोलू लागले. पुढच्याने ब्रेक मारला की मागच्या सगळ्यांचे ब्रेक त्याच क्षणी लागतात, त्यामुळे दोन ट्रकांमध्ये जेमतेम एका मोटारीपुरते अंतर ठेवले तरी चालते. पहिला ट्रक वारा कापतो, मागचे त्याच्या आडोशाने जातात आणि विजेची बचत होते. इंजिनिअरांनी या प्रकाराला लांबलचक इंग्रजी नाव दिले होते. ड्रायव्हरांनी नाव ठेवले माळ, आणि तेच टिकले. पुढे सरकारी पाट्यांवरही तेच आले.

आता माळ म्हणजे एक धावती भिंतच. आणि महामार्गावरून गावाकडे उतरायचे फाटे सगळे डावीकडे, म्हणजे भिंतीपलीकडे. त्यावरही उपाय होता. प्रत्येक मोटारीच्या पुढच्या काचेत, वरच्या बाजूला एक चकती असते. उतरायचे असले की ती चकती माळेला हाक घालते, दोन ट्रक जरा लांब होतात, मध्ये 'खिडकी' उघडते, मोटार पलीकडे जाते आणि खिडकी बंद होते. हे इतके सुरळीत चालले होते की लोक त्याचा विचार करायचेही विसरले होते.

मग ट्रकमध्ये दौलत कशाला? तर एका शब्दासाठी. यंत्राने स्वतःहून माळ तोडायची नाही, नियंत्रण कक्षाने लांबून तोडायची नाही; ती तोडायची तर ट्रकमध्ये बसलेल्या माणसाने, स्वतःच्या तोंडाने सांगून. एवढा एकच अधिकार कायद्याने माणसाकडे ठेवला होता. दौलतने तीन वर्षांत तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

दुसरे काही मात्र या तीन वर्षांत झाले होते. आंबेदरे फाट्यालगत त्याच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे घर होते. आईबाप लहानपणीच गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. पूर्वी जुन्या रस्त्याने जाताना तो तिच्या दारात ट्रक उभा करून जेवून जायचा. माळेत आल्यापासून आठवड्यातून दोनदा तो तिच्या घरावरून जाई आणि उतरू शकत नसे, कारण वाटेत माळ सोडली, म्हणजे माळ न तोडता आपला एकटा ट्रक फाट्यावर उतरवला, की पुढची जागा मिळेपर्यंत ट्रकतळावर ताटकळत बसावे लागे. सुरुवातीला अक्का दारात येऊन हात करायची. मग तिने हात करायचे सोडले. गेल्या भाऊबीजेला त्याने ट्रकच्या काचेतूनच ओवाळून घेतल्यासारखे केले आणि फोनवर तसे सांगितले, तेव्हा अक्का हसली नाही. ते त्याला आतवर लागले होते.

आज मात्र चुकवून चालणार नव्हते. अक्काच्या लेकीचे, स्वरांजलीचे गोरज मुहूर्तावर लग्न होते आणि नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. दौलतने सुट्टी घेतली नव्हती. "वाटेवर तर हाय, फाट्याच्या तळावर ट्रक लावतो आन् येतो," हे त्याचे म्हणणे. त्यावर अक्काने त्याला दिवसभर फोनवर धारेवर धरले होते.

आत्ताही तिचाच फोन आला. मागे सनईची रेकॉर्ड आणि बायकांचा गलका.

"आरं दौल्या, कुटं पोचलास? नवरदेव कुटं हाय? वऱ्हाडाची बस कवाच आली, आन् नवरदेवाचा पत्ता न्हाय!"

"माझ्या शेजारीच हाय की!" दौलत म्हणाला. "शिरवळला माळंत शिरायच्या आधी चहाला भेटलो. म्हणला, मामा, तुमच्या बरोबरीनंच येतो. ह्ये बघ, काचेतनं हात करतोय मला."

ते खरे होते. मधल्या मार्गिकेतून, दौलतच्या ट्रकच्या अगदी खांद्याला खांदा लावून नवरदेवाची गाडी चालली होती. मित्राने हौसेने सजवलेली, चालवतही तोच होता. बोनेटवर झेंडू, टपावर झेंडू, पुढच्या काचेच्या वरच्या कडेला झेंडूची हातभर जाड झालर, तीही बारीक तारेने घट्ट आवळून. गाडी कोणत्या कंपनीची हे ओळखणे मुश्कील होते.

"आन् काय बोलू नगंस वाईटवंगाळ," अक्का म्हणाली. "माझ्या वास्तुशांतीला दिवा गेला तर 'संपलं सगळं' म्हणून वरडला हुतास. आज तुझ्या तोंडातनं एक अभद्र शब्द आला न्हाई पायजे. घे माझी शपथ."

"घेतली शपथ. आज तोंडात साखर धरून बसलोय."

तेवढ्यात दुसऱ्या फोनची घंटी वाजली. नवरदेव, विराज. दौलतने अक्काला तसेच धरून ठेवले आणि त्यालाही जोडून घेतले.

"मामा, आम्हाला खिडकी मिळेना!" विराजचा आवाज चिरकला होता. "फाटा जवळ आला, केव्हापासून मागतोय. माळ दादच देत नाही."

दौलतने खाली वाकून बघितले आणि कपाळावर हात मारला. काचेच्या वरच्या कडेला, जिथे चकती असते, नेमकी तिथेच ती झेंडूची झालर होती. ओल्या फुलांचा आणि तारेचा तो जाडजूड थर. चकतीची हाक बाहेर पडतच नव्हती. माळेच्या लेखी तिथे गाडी नव्हतीच.

"आरं, ती फुलं काढा वरची!"

"थांबायचं कुठं मामा? कडेला घ्यायचं तर कड तुमच्या पलीकडं. आणि हात बाहेर काढला की गाडी काच बंद करते!"

फाटा चुकला की पुढचा उतार घाटाखाली, मग परतीच्या बाजूने उलटा प्रवास. तोवर गोरज कुठली, चांदण्या निघाल्या असत्या. मधली मार्गिका लग्नसराईच्या गाड्यांनी भरलेली, त्यामुळे नवरदेवाला ना पुढे पळता येत होते ना फार मागे रेंगाळता. दौलतने नियंत्रण कक्षाचे बटण दाबले. पडद्यावर केतकी नावाची मुलगी आली.

"ताई, माझ्या शेजारच्या गाडीला खिडकी द्या. नवरदेव हाय त्यात."

केतकीने बघितले. "काका, तुमच्या शेजारी गाडी नाही. यंत्र म्हणतंय, 'पुष्पसामग्री, बेवारस.'"

"बेवारस कशी? चांगला जावई हाय आमचा!"

केतकीने कॅमेऱ्यात नीट बघितले आणि तिला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "चकतीशिवाय मला खिडकी उघडता येत नाही, काका. तुम्हालाच सांगावं लागेल ट्रकला. तेवढा अधिकार फक्त तुम्हाला आहे. माळ..."

"कळलं, कळलं," दौलत घाईने म्हणाला, कारण अक्का ऐकत होती.

सांगायचे काय होते? तोच एक शब्द. पण तासाभरावर भाचीचे लग्न, समोर नवरदेव, कानात अक्का, गळ्याशी तिची शपथ, आणि तोंडाने म्हणायचे, माळ तोड? ज्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते; दिवा विझवत नाहीत, शांत करतात; नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात, त्या घरात दौलत लहानाचा मोठा झाला होता. त्याची जीभ वळेना. आणि मग, असल्या वेळी आपल्याकडचा कुठलाही शहाणा माणूस जे म्हणेल तेच तो म्हणाला.

"बाई, माळ वाढव."

"उत्तम," बाई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच समाधान होते. "माळ वाढवत आहे. मागून येणारी माळ जोडून घेत आहे."

"आगं न्हाय! तशी न्हाय!"

पण बाईचे काम चोख होते. इतका वेळ आरशात माळेचे शेपूट दिसत होते; दौलतच्या मागे थोडेच ट्रक होते, आणि ते निघून जाईपर्यंत नवरदेवाने कसाबसा वेग थोडा उतरवला असता तरी कदाचित भागले असते. आता मागची आख्खी माळ वेग घेऊन आली आणि या माळेला चिकटली. शेपूट वळणाआड गेले. भिंत मैलभर लांब झाली.

"मामा, हे काय केलंत?" विराज ओरडला.

"वाढवली!" दौलत रडकुंडीला येऊन म्हणाला. "नारळावानी वाढवाय सांगितली, तिनं दाढीवानी वाढवली!"

केतकी पडद्यावर डोके धरून बसली होती. हसावे की ओरडावे तिला कळत नव्हते. "काका, तिला फक्त खरा शब्द कळतो. आणि तो म्हणायच्या आधी दोन गोष्टी ऐका. टायर, ब्रेक, तब्येत, रस्त्यात जनावर, एवढीच कारणं चालतात. लग्न त्यात नाही. विनाकारण तोडली तर सहा महिने माळेत यायला बंदी. नियम आहे, माझ्या हातात नाही. आणि तोडल्याबरोबर ट्रक तुमच्या हातात येईल. पूर्ण. जमेल ना?"

बंदीचे एक वेळ ठीक होते. पण तीन वर्षांत दौलतने भरलेला ट्रक धावत्या रस्त्यावर हाताने चालवला नव्हता. स्टिअरिंगवर त्याने आज सकाळपासून फक्त भडंगाचा पुडा ठेवला होता. मागे मैलभर ट्रक, पुढे ट्रक, आणि मध्ये आपले हे हात. त्याने हातांकडे बघितले. ते थरथरत होते.

"दौल्या," फोनवरून अक्का म्हणाली. तिच्याकडची सनई कुणीतरी बंद केली होती. "काय झालंय त्ये मला नीट सांग."

दौलतने सांगितले. सगळे सांगितले, बंदीचे आणि हातांचेही. फक्त तो शब्द तेवढा गाळला. "आक्का, त्यो शब्द आज कसा बोलू? तुझी शपथ हाय."

फाट्याची हिरवी पाटी समोर आली. बाहेर उन्हे तिरपी होऊन उसावर पसरली होती. आणि मग फोनमधून जो आवाज आला तो दौलतने लहानपणी एकदाच, तो विहिरीच्या कठड्यावर चढला होता तेव्हा ऐकला होता.

"आरं तोड! तोड म्हणते ना ती मेली माळ! माझा जावई पलीकडं आन् भाऊ अलीकडं, आन् मी काय शब्द धरून बसू? मी म्हणते तोड! आन् हातांचं काय सांगतोस? मी चालवाय दिली हुती ना तुला बैलगाडी, घाटातनं? तोड!"

वाजंत्रीवाले, बायका, मांडवातले पाहुणे, सगळ्यांनी ऐकले म्हणतात.

"माळ तोड," दौलत म्हणाला. आणि मग त्याला इतके मोकळे वाटले की तो पुन्हा ओरडला, "तोड, बाई, माळ तोड!"

"कारण सांगा."

"लगीन!"

"नोंदीत असे कारण नाही. 'विनाकारण' असे लिहीत आहे. ट्रक आपल्या हातात आहे, चालक महोदय. सांभाळून."

स्टिअरिंग एकदम जड झाले. ट्रक आणि त्याच्या पोटातला सगळा माल दौलतच्या मनगटात आला. क्षणभर तो डावीकडे झुकला, भडंगाचा पुडा खाली सांडला, आणि मग हातांनीच काय ते आठवले. डोक्याला विचारत बसले नाहीत. त्याने हलकेच ब्रेक दाबला. एकदम दाबायचा नाही, मागच्यांना अंदाज द्यायचा. मागची माळ त्याच्याबरोबर हळू झाली, पुढची निघून गेली, आणि मध्ये रस्ता मोकळा दिसू लागला. आधी एका मोटारीपुरता, मग एखादी बैलगाडी आरामात जाईल इतका.

"घाल पोरा!" दौलतने काच खाली करून फेट्याचे अर्धे गुंडाळलेले टोक बाहेर काढून हलवले.

झेंडूचा तो ढीग डावीकडे वळला, ट्रकसमोरून सरकला आणि फाट्यावर उतरला. विराज मागच्या काचेतून दोन्ही हात जोडत होता. दौलतचा जीव भांड्यात पडला. माळेतून बाद झालेल्या ट्रकने पहिल्याच फाट्याला उतरायचे असा नियम होता, म्हणून दौलतही त्याच्या मागोमाग उतरला. नाहीतरी त्याला तिथेच उतरायचे होते, एवढे एक त्या नियमाचे बरे होते.

आंबेदऱ्यात नवरदेवाच्या स्वागताला लोक उभे होते. त्यांनी आधी फुलांची गाडी बघितली आणि तिच्यामागून वळण घेत आलेला अठरा चाकांचा ट्रक बघितला. वाजंत्रीवाल्यांना वाटले हाही वरातीतलाच, त्यांनी दुप्पट जोरात वाजवायला सुरुवात केली. दौलतने ट्रकतळावर ट्रक लावला आणि अर्धवट फेटा तसाच हातात धरून मांडवाकडे धावला.

अक्का दारात होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितले, हातातला फेटा काढून घेतला आणि चार वेढ्यांत नीट बांधून दिला. तुरा, शेमला, सगळे जागच्या जागी.

"कापतोयस का आजून?" तिने हळूच विचारले.

"थोडा."

"कापू दे. पोरीचा हात धर, म्हंजी थांबंल."

स्वरांजलीला घेऊन तो बोहल्यावर आला तेव्हा गायी घराकडे परतत होत्या. मंगलाष्टके झाली, अंतरपाट दूर झाला. दौलत भाचीच्या मागे उभा राहून लहान मुलासारखा रडला आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

बंदी सहा महिन्यांचीच झाली. केतकीने वर शब्द टाकला होता, पण नियमापुढे तिचे काही चालले नाही. तिने दुसरे एक काम मात्र चिकाटीने केले. आता महामार्गावर कुणी 'माळ वाढव' म्हणाले की बाई आधी विचारते, "जोडून, की नारळासारखी?" ड्रायव्हर मंडळी मुद्दाम म्हणून बघतात.

दौलतला मालकाने जुन्या रस्त्याच्या फेऱ्या दिल्या. खड्डे, वळणे, गाव आले की म्हशी. चार्जिंगला थांबायचे, उतरायचे, पुन्हा चालवायचे. पहिल्या आठवड्यात खांदे भरून आले, मग सवय झाली. आणि जुना रस्ता आंबेदऱ्यातून, अक्काच्या दारावरूनच जातो. आठवड्यातून दोनदा तो तिथे थांबू लागला. अक्का पिठल्याची कढई चुलीवर ठेवूनच वाट बघायची. हाताने चालवणारा भाऊ कधी पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून भाकरी मात्र तो आल्यावर टाकायची. स्वरांजली आणि विराज आले की चौघे ओसरीवर जेवायचे आणि विराज दर वेळी ती झेंडूची गोष्ट नव्याने सांगायचा.

बंदी उठली त्या दुपारी दौलत अक्काच्या ओसरीवर होता. दारातल्या ट्रकमधून बाईचा आवाज आला. बाई अजून होतीच. जुन्या रस्त्यावर ती फक्त खड्डे मोजायची आणि सुस्कारे टाकल्यासारखी बोलायची.

"चालक महोदय, आपली बंदी संपली आहे. आंबेदरे फाट्यावरून एक माळ जात आहे. जागा उपलब्ध आहे. सामील होण्यासाठी लगेच निघावे लागेल. सामील व्हायचे आहे का?"

अक्काचा हात परातीतल्या पिठात थांबला. तिने वर बघितले नाही.

दौलतने तिच्याकडे बघितले, तव्यावर फुगत आलेल्या भाकरीकडे बघितले आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसला.

"जाऊ दे तिला पुढं, बाई," तो म्हणाला. "मी जेवतोय."